वाटून खाल्लेली गोळी

भावाचा रक्ताचा रिपोर्ट पाहून माझं डोकंच फिरलं. त्याला हार्ट अटॅक येऊन गेलेला, नागपुरात स्टेंट बसवलेला, कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायची असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी कोलेस्टेरॉल उतरायला तयार नाही. मी हैदराबादला औषधाच्या कंपनीत आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारं नवं औषध तयार करणं हेच माझं काम. काहींना जुनी गोळी पुरत नाही, त्यातलाच हा, असं मी धरून चालले. आमचं औषध लवकर व्हावं म्हणून प्रयोगशाळेत सगळ्यांच्या मागे लागले.

ऐन धानाच्या रोवणीत करडीला, भावाच्या गावी गेले. सकाळी बांधाशेजारचा शेतकरी चहाला आला. भावाने कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या पत्त्यातून एक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि त्याने ती गिळलीसुद्धा.

"हे काय?"

"आज त्याची पाळी हाय," भाऊ म्हणाला. "काल म्या घेतली."

शेजाऱ्याच्याही छातीत दुखायचं. त्याचा बाप आणि थोरला भाऊ छाती धरूनच गेलेले. तपासलं आणि निघालं तर, या भीतीने तो दवाखान्याची पायरी चढत नव्हता. मी दोघांनाही फैलावर घेतलं. आम्ही तिथं वर्षानुवर्षं डोकं फोडतो, आणि इथं हे औषध प्रसादासारखं वाटून राहिले! असं अर्धं अर्धं खाऊन दोघंही मराल, असं तोंडावर बोलले.

"कायले चिडून राहिली बाई?" भाऊ म्हणाला. "रोवणीले पऱ्हे कमी पडले तं आपण शेजाऱ्याले देतोच ना?"

"धानाचे पऱ्हे नोहोत हे! आमचं नवं औषध सुईचं हाय. दंडात टोचलं का झालं. मंग पाहू कसा वाटून देतं तं."

त्याला गप्प करायलाच मी ते बोलले.  तो शेजाऱ्याकडे बघत म्हणाला, "मंग याले काय देऊ?"

माझा आणखीच संताप झाला. मी शेजाऱ्याला म्हटलं, "चपला घाला. भंडाऱ्याले चाला, रक्त तपासाले."

"रोवणी हाय ना बाई."

"खड्ड्यात गेली रोवणी."

तो चपला घालून माझ्यामागे फाट्यावर आला. बसच्या दारात पाय ठेवताना अडला. "निघालं तं?"

"तं तुमाले तुमचा सोताचा पत्ता भेटन," मी खेकसले. "चढा आता."

तो चढला.