दहिवडी ते विश्रामबाग : जपानी गोष्टीला माणचा हुंकार

सांगलीला जायचं ठरलं ते नातीच्या भीतीपायी. प्रणाली विश्रामबागेत खोली घेऊन राहते आणि तिथल्याच एका क्लासला जपानी शिकते. क्लासमधून एका पोरीला वर्षभर जपानला शिकायला पाठवणार होते. निवडीसाठी एक जुनी जपानी गोष्ट जपानीतून, तोंडपाठ, सगळ्यांसमोर सांगायची. मागच्या वेळी ही मध्येच अडकली आणि रडत खाली उतरली होती. यंदा शनिवारी घरी आली आणि म्हणाली, "आज्जे, तू फकस्त समोर बस."

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळाय नगंच. बस."

मला अक्षर येत नाही. हे सगळं मी सांगते आणि सून सुनंदा, म्हणजे प्रणालीची आई, मोबाईलवर लिहिते. मध्येच तिचं काही घुसलं तर ओळखून घ्या.

रविवारी सकाळी दहिवडीहून निघालो. थेट गाडीची वाट बघू नका. मायणीवरून विटा गाठायचं आणि तिथं गाडी बदलायची. आधार कार्डावर मी सत्त्याहत्तरची आहे, त्यामुळे एसटी मला फुकट. खरं वय माझ्या आईला माहीत होतं, ती गेली. विट्याच्या स्टँडवर भजी गरम होती, चहा मात्र नुसता गोड. घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घ्याच सोबत.

मायणीच्या पुढं कुसळं कमी होतात, तासगावच्या बाजूला द्राक्षबागा लागतात. मेंढरं आत गेली तर मालक काय करील, एवढंच माझ्या डोक्यात. जन्म मेंढरांमागं गेला, दुसरं काय सुचणार?

गाडीत मी विचारलं, "ह्या जपानी गोष्टी सांगायचं कोण?"

प्रणाली म्हणाली, हजार वर्षांमागं राजवाड्यातल्या बायका गोष्टी लिहायच्या. मोठे पुरुष परक्या, अवघड अक्षरांत लिहायचे; बायकांनी साधी, सुटसुटीत अक्षरं धरली आणि त्यांत अख्ख्या गोष्टी रचल्या. त्या गोष्टींना मोनोगातारी म्हणतात.

"म्हंजी तिथं बायांची अक्षरं येगळी? आन् मला दोन्हीतलं एकबी न्हाई."

पुढच्या सीटवरची बाई मागं वळून हसली.

"गोष्ट सुरू कशी करत्यात?"

"'आता हे फार जुनं झालं' असं. आन् सारखं 'म्हणे' लावत्यात. अमका गेला म्हणे, बर्फ पडलं म्हणे."

"आमीबी लावतो. खोटं निघालं तर आपल्यावर येत न्हाई."

मग तिनं तिची गोष्ट सांगितली. राजाचा एक चाकर बर्फात वाट चुकतो. एका म्हातारीच्या घरी गरम भात खातो, झोपतो. सकाळी उठतो तर घर नाही, म्हातारी नाही, बर्फावर कोल्हिणीची पावलं. हातातलं वाडगं मात्र अजून ऊन.

"एवढी गुणाची कोल्हीण? आमच्याकडची कोकरं नेती."

"आज्जे, गप."

आमच्याकडं लोकर कातरताना गोष्ट चालायची. ऐकणाऱ्यानं 'हं' म्हणत राहायचं. हुंकार थांबला की सांगणाराही थांबला. आणि हुंकार आला की सांगणाऱ्याला पुढं जावंच लागतं, मग आठवत असो-नसो.

सांगली स्टँडवरून विश्रामबागेला रिक्षा मिळते, आधी भाव ठरवा. हॉलमध्ये पंखे होते, खुर्च्या मऊ. जपानहून आलेल्या बाई पुढं बसल्या होत्या, माझ्याहून ठेंगण्या. आधीच्या तीन पोरींनी गोष्टी सांगितल्या. माणसं पुतळ्यासारखी बसलेली, कुणी हूं की चूं नाही.

प्रणाली उभी राहिली. बरं चाललं होतं. मग थांबली. ओठ हलेनात. माझ्याकडं बघितलं.

आता खरं सांगते. मी गप्प बसले. मनात आलं, अडकली तर अडकली, घरी येईल. वर्षभर कुठं लांब जायची, बर्फात. मी काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसायचं होतं. तिनंच तसं सांगितलं होतं.

तिच्या हाताची बोटं पदर पिळल्यासारखी ओढणी पिळत होती.

"हं," मी म्हणाले. मोठ्यानं.

क्लासचे सर वळले, "आजी, शांत बसा."

पण हुंकार तिच्यापर्यंत पोचला होता. पोर हसली आणि निघाली. पाठ केलेलं सुटलं असावं, कारण ती हातवारे करू लागली, वाडगं धरल्यासारखे हात केले. ती श्वास घेई तिथं मी हं म्हणत गेले. सर कपाळाला हात लावून बसले.

नंतर जपानी बाई माझ्याकडं आल्या. प्रणालीनं मराठीत सांगितलं, "त्यांच्या गावाकडंबी ऐकणारा असंच म्हणतो. त्या विचारत्यात, तुला गोष्ट कळली का?"

"कळली. पर कोल्हिणीनं घर मोडायला नगं व्हतं."

बाई तोंडावर हात धरून हसल्या. संध्याकाळी प्रणालीचं नाव निघालं. भडंगाची दोन पाकिटं घेऊन मी सोमवारी एकटीच परत आले. कंडक्टरनं विट्याला हात धरून दुसऱ्या गाडीत बसवलं.

जपान मला कळलं नाही. पण हजार वर्षांमागं तिथं एक बाई सांगायला बसली असेल आणि समोर कुणीतरी हं म्हणत असेल, एवढं मला दिसतं. त्या दुसरीचं नाव कुठं लिहिलेलं नसणार.

इथं सुनंदा लिहायची थांबली. "आत्या, खरंच गप्प बसला व्हता?"

"एक घास गिळंस्तवर."

तिनं मोबाईल खाली ठेवला. "मी आसते तर गप्पच ऱ्हायले आसते."

"हेबी लिही," मी म्हणाले.

ती उठून भाकरी थापायला गेली. जेवणं झाली, भांडी झाली, आणि मग तिनं लिहिलं.