ज्ञानीच्या माडाचा पहिला नारळ

माडाला पहिली पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, आली ती ज्ञानेश्वरीने, घरच्यांच्या ज्ञानीने, पाहिली. सात वर्षांची पोर, शाळेचं दप्तर पडवीत फेकून थेट खाडीच्या काठावर गेली आणि तिथूनच ओरडली, "बाबा, पोय आली! माझ्या माडाला पोय आली!"

काशीराम हातातलं काम टाकून गेला. खोडाला हात लावून त्याने वर बघायला सुरुवात केली. नजर पुरुषभर उंच चढली आणि तिथंच अडली. त्याने गुडघे वाकवले, कंबर मागे रेलली, तरी मान काही वर होईना. पोरीचे डोळे मात्र शेंड्यावरून हलत नव्हते.

"दिसली काय?" तिने विचारलं.

"दिसली तर. झ्याक हाय," काशीराम म्हणाला आणि घराकडे वळला. ज्याचं अर्धं आयुष्य माडांच्या शेंड्यात गेलं त्या माणसाला आपल्याच माडाची पोय दिसू नये, यासारखी थट्टा नाही. त्या रात्री तो जेवला नाही.

रत्नागिरीजवळच्या भाट्ये गावात नारळ काढणाऱ्या पाडेल्यांना तोटा नव्हता, पण काशीरामासारखा काशीरामच. तो वर चढला की खाली मालकाने छत्री घेऊन उभं राहावं, नारळ म्हणाल तिथं पडायचा. स्वभावाने मात्र एक नंबरचा हट्टी. मुलगी जन्मली त्या पावसाळ्यात त्याने घरामागे खाडीच्या काठावर माडाचं रोप लावलं. बारशाला जमलेल्या माणसांसमोर जाहीर करून टाकलं की या माडाचा पहिला नारळ ग्रामदेवीला जाईल आणि तो मीच काढीन. "ह्या माडाला दुसऱ्या पाडेल्याचा पाय लागायचा नाय," असंही वर म्हणाला. रोप वाऱ्याने पाण्याकडे कललं, तसंच वाढलं. काशीरामाला ते कलणंही आवडायचं. वरून खाडी कशी दिसेल, याची चित्रं तो मनातल्या मनात काढायचा.

आणि अठ्ठ्याण्णव साली पाठीने दगा दिला. तेव्हा त्याने तिशीही ओलांडली नव्हती. पहाटे जाग यायची ती दुखण्याने. उठून बसायला खाटेचा कठडा धरावा लागायचा, अंगात कोणी लाकूड ठोकून बसवलंय असं वाटायचं. गंमत अशी, की कामाला लागल्यावर दुसऱ्या तिसऱ्या माडापर्यंत अंग सैल व्हायचं आणि दुपारी तो पुन्हा पहिल्यासारखा. दुखणं आपल्या तोंडाने सांगत होतं की मला काय हवं आहे. पण ऐकतो कोण? वाडीने निकाल दिला: माड चढून चढून कण्याचा भुगा झाला. हाडं बसवणाऱ्याने तेच सांगितलं. मेव्हण्याने मुंबईहून कमरेचा पट्टा पाठवला. बायकोने, हौसाने, माहेरची जाड गादी आणली आणि डोक्याखाली एकावर एक दोन उशा दिल्या. "तुमी आता पडून ऱ्हावा. मी बघतंय सगळा," ती म्हणाली आणि खरोखरच बघू लागली. दुसऱ्यांच्या बागेत झावळ्या विणायला जाऊ लागली.

काशीराम पडून राहिला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, अशातली गत झाली. जितका आराम केला तितकी पाठ धरत गेली, आणि दोन उशांवर मान जशी पुढे आली तशीच आखडून बसली. उभा राहिला की समोरच्याच्या छातीशी बोलतोय असं वाटे. वाडीतली माणसं तो पायांवरून ओळखू लागला.

पुढे एकदा डोळा लालभडक झाला म्हणून तो रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी डोळा तपासता तपासता विचारलं, "पाठ पहाटे जास्त दुखते का?" काशीराम बघतच राहिला. डोळ्याच्या डॉक्टरला पाठीची बातमी कोणी दिली? तिथून हाडांच्या डॉक्टरकडे, फोटो, रक्त, आणि शेवटी गोळ्यांसोबत अपूर्वाच्या नावाने एक चिठ्ठी.

अपूर्वाच्या वडिलांच्या बागेत काशीराम वर्षानुवर्षं नारळ काढत आला होता. झालरीच्या फ्रॉकमध्ये शहाळं मागणारी ती पोर आता पुण्याहून शिकून आली होती आणि बाजारपेठेतल्या दोन खोल्यांत लोकांना व्यायाम शिकवत होती. तिने त्याला भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं केलं. डोकं भिंतीला लागेना. मध्ये वीतभर मोकळी जागा. मग तिने त्याला खुर्चीवर बसवलं.

"काशीरामदादा, तुमचे मणके झिजलेले नाहीत. त्यांना आतून सूज येते आणि ते एकमेकांना चिकटत जातात. स्वस्थ पडलं की जास्तच. डोळा लाल झाला तोही ह्याच आजाराने."

"पन बाय, माड चढूनच झाला ना ह्या?"

"माडाने काही केलं नाही तुमचं. उलट चढत होतात तोवर अंग मोकळं राहत होतं."

काशीराम उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर हसू फुटलं. "मग उद्यापासनं चढतंय."

अपूर्वाने त्याचा हात धरून त्याला पुन्हा बसवलं. तिलाही ते सांगणं जड गेलं असणार. चिकटलेला कणा ठिसूळ असतो, वरून पडलात तर तो मोडेल आणि मग अंथरूणच. व्यायाम आयुष्यभर करायचा, पोहायचं, भरपूर श्वास घ्यायचा, पण माड चढायचा नाही. कधीच नाही.

बसच्या खिडकीतून काशीराम माडांची खोडं मागे जाताना बघत राहिला. माडाने दुखणं दिलं असतं तर माडावर राग तरी काढता आला असता. आता कोणावर काढायचा? पडून राहण्यानेच दुखणं वाढलं, एवढं त्याने घरी येऊन सांगितलं, तशा हौसाने दोन्ही उशा उचलल्या, मागच्या दारी नेल्या आणि फोडून त्यांचा कापूस वाऱ्यावर सोडला. "माज्याच हातानं दिल्या मी," असं म्हणून ती तिथंच बसून रडली. काशीराम तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, आणि त्याने तो ठेवला.

मग सुरू झालं ते. सकाळी पालथं पडून छाती उचलायची, भिंतीला टेकून डोकं मागे न्यायचं, फुगा फुगवावा तसा श्वास भरायचा. पाण्यात मात्र तो जाईना. खाडीत उतरायचं ते मासे धरायला, शिंपल्या काढायला. बाप्या माणसाने काम नसताना पोहायचं म्हणजे वाडीला आयता तमाशा! अपूर्वा दर खेपेला विचारायची, तो दर खेपेला भरती-ओहोटीचं निमित्त सांगायचा.

इकडे माडाकडे बघायला कोणी नव्हतं. पहिल्या पोयीची बोंडं गळून गेली, ते होतंच. पुढच्या पोयीला नारळ धरले. वाळलेल्या झावळ्या शेंड्यातच लोंबू लागल्या. शेजारचा भागोजी, तोही पाडेलीच, दोनदा सांगून गेला, "काशा, शेंडा साफ कराय हवा. भुंगा लागला असंल. मी चढतंय."

"पाय लावायचा नाय," काशीराम गुरकावला. "मी बरा झालो की चढनार हाय."

अपूर्वाचं बोलणं त्याने हौसाला अर्धंच सांगितलं होतं. कधीच नाही, हे दोन शब्द त्याने स्वतःलाही सांगितले नव्हते. हौसा म्हणायची, माड खराब दिसतोय. तो म्हणायचा, तुला काय कळतंय माडातला. रात्री अंथरुणात मात्र त्याचे पाय हलायचे. एक वर, एक वर, चढताना पायात अडकवायची दोरी ताणल्यासारखे.

शेवटी पाण्यात नेला तो ज्ञानीने. "डॉक्टरताईला मी सांगनार हाय तुमी पोहत नाय ते," अशी धमकी देऊन तिने त्याचा हात धरला. थंडी सरलेली, भरती पुरती चढून नुकतीच थांबलेली. पाणी तिच्या छातीशी आल्यावर पोरीने त्याच्या डोक्याखाली तळहात धरला. "पडा मागं," ती म्हणाली. काशीरामाने अंग सोडलं. पाण्याने पाय उचलले, पाठ होती तशी वाकडी राहिली, पण सगळा माणूसच मागे कलला आणि त्याच्या तोंडासमोर आभाळ आलं.

किती वर्षांनी! ज्ञानीने त्याला हळूहळू ओढत काठाकडे आणलं, जिथे तिचा माड पाण्यावर ओणवा होता.

आणि त्याने शेंडा पाहिला.

वाळक्या झावळ्यांचं जंजाळ. मधल्या कोवळ्या झावळीला कोणी कात्रीने कातरावं तसे त्रिकोणी तुकडे गेलेले. भुंगा गाभ्यापर्यंत पोचत आला होता. त्या गचपणात एकच पेंड, चार-सहा नारळांचा घड, चिवटपणे तग धरून बसलेली. दुसऱ्याच्या बागेत असा माड दिसला असता तर त्याने मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. इथे मालक तोच होता. त्याला पाय लावायचा होता, म्हणून त्याने कोणाचाच लागू दिला नव्हता, आणि पोरीचा माड त्याची वाट बघता बघता मरायला टेकला होता.

"ज्ञाने," तो पाण्यातूनच म्हणाला, "भागोजीकाकाला हाक मार. म्हणावं, दोरी आन् तारेचा आकडा घेऊन ये."

भागोजी आला आणि पायात दोरी अडकवून चढला. झावळ्या धडाधड खाली आल्या. काशीराम पाण्यावर पडून सांगत होता, उजवीकडचं भोक बघ, आकडा खोल घाल, कोवळ्याला धक्का लावू नको.

"पान्यातनं शेळ्या हाकतोयस काय रे!" भागोजी वरून ओरडला. आकड्याला लागून काळा भुंगा बाहेर आला, मग आणखी एक. शेंडा मोकळा झाला. तेव्हा भागोजी थांबला. त्यालाही बारशाचे बोल आठवत होते. "काशा, नारळ तसेच ठेवतंय. तू बरा झालास की तुझा तूच काढ."

हौसा काठावर येऊन उभी होती. काशीरामाने तिच्याकडे पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"भागोजी," तो म्हणाला, "मी आता कधीच वर येनार नाय रे. टाक."

हौसाने पदर तोंडाला लावला. मग कोयत्याचा एक घाव ऐकू आला आणि नारळ खाडीत पडला, बुडाला, पुन्हा वर आला. ओहोटी सुरू झाली होती. तो पाण्याबरोबर समुद्राकडे निघाला. "बाबा, चालला!" ज्ञानी किंचाळली.

काशीराम पालथा झाला आणि हात मारू लागला. मान ताठ, तोंडात खारं पाणी, खांदे ठणकत होते, पण हात थांबेनात. नारळ हाताला लागला तसा त्याने तो छातीशी धरला आणि पुन्हा पाठीवर आला.

समोर ज्ञानीचा माड होता, स्वच्छ विंचरलेल्या डोक्याचा, आणि शेंड्यात भागोजी बसला होता, जिथे काशीरामाला बसायचं होतं.

"अवो, बाहेर या," काठावरून हौसा हाका मारत होती, "ओहोटी ओढतेय, नारळ देवीला जायचा हाय ना?"

"जाऊया," काशीराम म्हणाला. "थांब जरा. बघू दे."