आमच्या पोट्ट्याची पट्टी

अख्ख्या आर्णी तालुक्यात माझ्या भाच्याइतकं आरशाला कोणी छळलं नसेल. चौदावं लागलं आणि हा प्राणी सकाळ-संध्याकाळ ओठावरची लव निरखू लागला. लव म्हटलेलं खपत नाही, मिशी म्हणायचं! एकदा मी त्याला उन्हात नेऊन, चष्मा लावून पाहिलं आणि दूध पिऊन तोंड पुसायचं राहिलंय असं प्रामाणिकपणे सांगितलं. तर गडी माझ्याकडे जेवायचाच बंद झाला. बहिणीच्या आणि माझ्या घरात भिंत एकच, तेव्हा हे उपोषण त्याला फार जड गेलं असणार. एरवी आईच्या टोपलीतल्या भाकरी संपवून हा वाटी घेऊन माझ्या दारात हजर असतो. दिवाळीची पँट संक्रांतीला घोट्याच्या वर गेली. हात एवढे लांबले की कुठे ठेवायचे ते त्यालाच कळेना, आणि घरातल्या कपबश्यांनी राम म्हटला. कपाळावर एक पुटकुळी आली तर शाळा बंद. "मले नाही जाचं. सारे इथंच पाहून राह्यले."

"कोन पाहून राह्यलं बाप्पा तुले?" असं त्याची आई म्हणाली, तर तेही झोंबलं. कोणी पाहिलं तर राग, आणि नाही पाहिलं तर त्याहून जास्त राग.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. आवाजाचं मात्र तसं नव्हतं. आवाज ही पोराची इस्टेट. आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना असते, आणि ओळ पुढे म्हणायचा मान लहानपणापासून त्याचा. तो म्हणायचा आणि मागून सगळे म्हणायचे. इतका पातळ, उंच आवाज, की बायकांनी डोळे मिटून मागे जावं. पुरुष मंडळी मागच्या सतरंजीवर नुसते ओठ हलवायची. त्यात त्याचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी, सगळ्यांत पुढे. ऑटो चालवणारा माणूस, स्टँडवर हाक मारली तर दिग्रसपर्यंत ऐकू जाईल, पण विहारात मुका. मला वाटायचं, काय हा आळस!

एका रविवारी पोरगं नेहमीसारखं वरच्या पट्टीत चढलं आणि मधेच आवाज फाटला. धाडकन खाली आला, पुन्हा वर गेला. आता आमच्या आज्याबायांना, तो म्हणेल ते जसंच्या तसं म्हणायचं, एवढंच ठाऊक. त्यांनीही इमानेइतबारे तिथेच आवाज फाडला, खाली आणला आणि पुन्हा वर नेला. त्याला वाटलं, चिडवताहेत. लेकरू उठलं आणि चपला न घालताच घरी पळालं.

मग बोलणंच बंद. मान हलवायची, हात दाखवायचे, फारच अडलं तर बाजूच्या खोलीतून आईला मोबाइलवर मेसेज, 'भाजीत मीठ नाही.' रविवारी तर पांघरुणातून बाहेरच यायचा नाही. मी जवळ बसून म्हटलं, "अरे, या वयात साऱ्याच पोरायचा आवाज बदलते." भिंतीकडे तोंड करून तो घोगरं बोलला, "थो आवाज गेला तर मंग मी कोन?"

मी एवढी तोंडाळ बाई, पण नुसतं त्याचं पांघरूण सारखं करून बाहेर आले. फार वाईट वाटलं.

विहारात त्याची जागा तशीच होती. तिथे कोणी बसायला गेलं की सगळ्यांत म्हाताऱ्या आजी हात आडवा घालायच्या, "आमचं पोट्टं बसते तिथं." शेवटी त्या काठी टेकत त्याच्या दारातच येऊन बसल्या. म्हणाल्या, "आमचं काय चुकलं बाप्पा? तू म्हनलं तसंच आमी म्हनलं. आमाले वाटलं, नवी चाल हाय!"

पोरगं फिस्सकन हसलं. हसणंसुद्धा फाटकंच निघालं, पण किती दिवसांनी निघालं!

पुढच्या रविवारी तो विहारात आला. कापत कापत, अगदी खालच्या पट्टीत त्याने पहिली ओळ धरली. बायका अडखळल्या, त्यांना तिथवर उतरता येईना. तेवढ्यात मागच्या सतरंजीवरून आवाज आला. भाऊजींचा! मग एकेक करून सगळ्या पुरुषांचा. इतकी वर्षं ज्यांना वर चढता येत नव्हतं ते मोकळ्या गळ्याने म्हणू लागले. पोराने वळून बापाकडे पाहिलं आणि पुढची ओळ न कापता म्हटली. बाहेर चपला शोधताना भाऊजी त्याला म्हणाले, "आता कुठं आमच्यानंई म्हननं होते, बाबू."

मिशी आता चष्म्याशिवायही दिसते, आणि हे मी त्याला आपणहून सांगितलंय. पण परवा दुपारी भिंतीपलीकडून "भाजी काय केली आज?" असा भरदार आवाज आला. मला वाटलं भाऊजी. मी अदबीने म्हटलं, "वांग्याची हाय भाऊजी, पाठवतो." तर वाटी घेऊन दारात हेच उभं.

"मावशी, मीच तर हावो."

ते पातळ आवाजाचं लेकरू कधी निघून गेलं कोण जाणे, जाताना मला सांगूनसुद्धा गेलं नाही. मी वाटी शिगोशीग भरली आणि म्हटलं, "हो रे राजा, तूच हायेस. ये अंदर."