काट्याआधी अर्धी टाकी

सगळ्या हमरस्त्यावर त्याला किलोकाका म्हणत. ट्रक भरून झाला की तो स्टिअरिंगमागे बसायचा, गाडी दहा पावलं पुढे घ्यायचा आणि वजन सांगायचा. रस्त्यावरच्या वजनकाट्यावर पन्नास किलोच्या वर फरक कधी निघाला नाही. अठ्ठावीस वर्षांत जादा वजनाची एकही नोंद नाही, आणि हे तो न विचारता सांगायचा. नवीन ड्रायव्हर भेटला की त्याचं एक वाक्य ठरलेलं असे, ''काट्याआधी अर्धी टाकी, काट्यानंतर फुल्ल. डिझेललाही वजन असतं, बाबा!''

रस्त्यावर एवढा हुशार असलेला हा माणूस घरी मात्र कधी वेळेवर पोचला नाही. मुलीच्या बारशाला नाही, शाळेच्या बक्षीस समारंभाला नाही, एकाही वाढदिवसाला नाही. काट्यावर रांग असायची, कागद तपासायचे असायचे, नाहीतर यंत्रच बंद. घरात मग म्हणच पडून गेली होती. कुणी दिसलं नाही की मायलेकी म्हणायच्या, ''काट्यावर आहे.'' दूधवाला आला नाही, काट्यावर आहे. मांजर सापडत नाही, काट्यावर आहे. किलोकाका हसायचा, पण ते त्याला लागायचं.

आज मुलीचं लग्न होतं. मंडप नाही, वाजंत्री नाही. नोंदणी कार्यालयात चार सह्या, की झालं. त्यातली साक्षीदाराची एक सही बापाची हवी, असा तिचा हट्ट. साडेचारला खिडकी बंद. ''दुसरं कुणीही करेल हो सही,'' ती फोनवर म्हणाली होती, ''पण मी तुमची जागा रिकामी ठेवणार.'' काका म्हणाला होता, ''येतो म्हणजे येतो.'' हे वाक्य त्यानं याआधीही बरेचदा म्हटलं होतं.

केबिनमध्ये त्याच्या शेजारी चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन होतं. बायकोचं जुनं, बिडाचं. याच्यावरच पोर शिवायला शिकली होती. लांबच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं ते नव्यासारखं करून दिलं होतं. लेकीला आज सहीनंतर द्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

आणि म्हणूनच घोळ झाला. काट्यापुढचा पहिला पंप नव्वद किलोमीटरवर, तिथे नेहमी जत्रा. वाटेत थांबायलाच नको म्हणून सकाळी त्यानं दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. भरताना मनात फक्त साडेचार होते. काट्यावर गाडी चढली, सीट जरा दबल्यासारखी वाटली, आणि त्याला भरलेल्या टाक्या आठवल्या. तेवढ्यात लाल दिवा लागला.

तपासणी अधिकारी मुलीच्याच वयाची होती. कडक इस्त्रीची, मोजकं बोलणारी.

''दोनशे दहा किलो जास्त आहे, काका. बाजूला लावा.''

''मॅडम, ते डिझेल आहे. तासाभरात जळून जाईल.''

''मग तासाभरानं या.''

''तासाला एवढं जळत नाही,'' काका चाचरत म्हणाला. घाईत माणूस खोटंही धड बोलत नाही. ''मुलीचं लग्न आहे हो. साडेचारच्या आत सही करायचीय.''

तिनं मान वर केली. ''अभिनंदन. पण तुमच्या मुलीचं लग्न आहे म्हणून पुढच्या पुलाला भार कमी लागणार आहे का?''

काकाला राग आला, आणि जास्त राग याचा आला की असलंच वाक्य तो स्वतः दुसऱ्यांना ऐकवत असे. साडेबारा झाले होते. घर अडीच तासांवर. तो रांगेतल्या ट्रकांकडे धावला. ''डिझेल घेता का कुणी? फुकट!'' सगळे वजनाच्या काठावर भरलेले, कोण घेणार? ''किलोकाका, तुम्ही?'' एक चष्मेवाला ड्रायव्हर ओरडला. ''आता आम्ही कुणाकडे बघायचं?'' हशा पिकला. काकानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण कान लाल झाले.

मग त्यानं गाडी हलकी करायला घेतली. माल सीलबंद, त्याला हात लावायची सोय नाही. स्टेपनी काढली, शंभर किलो. जॅक, साखळ्या, हत्यारांची पेटी. जादा ताडपत्री आणि दोर. पाण्याची टाकी ओतली. सगळं काट्याच्या भिंतीशी रचून ठेवलं. मशीन मात्र केबिनमध्येच राहू दिलं. ''बसतंय वजनात,'' तो स्वतःशीच म्हणाला आणि पुन्हा रांगेत लागला. पुढे अकरा गाड्या. तो एकदा बसे, एकदा उतरे, टायरला लाथ मारी, घड्याळ बघे, पुन्हा चढे. चाळीस मिनिटं गेली.

वीस किलो जास्त.

अठ्ठावीस वर्षांत त्याचा अंदाज पहिल्यांदा चुकला, कारण तो अंदाज नव्हताच. त्याला तसं हवं होतं, एवढंच.

अधिकारी बाईनं केबिनमधल्या चादरीकडे नुसतं बघितलं. काकानं मशीन उचललं, छातीशी धरलं आणि भिंतीकडे चालत गेला. डोळे भरून आले तेव्हा त्याला स्वतःचीच चीड आली. काल चमकवलेल्या त्या मशीनवर त्याच्या हातांचं काळं उमटलं होतं.

''सामानाची जबाबदारी आमची नाही,'' ती म्हणाली. मग मशीन तिनंच दोन्ही हातांनी उचलून आत, आपल्या टेबलाखाली ठेवलं. ''उद्या दहाच्या आत न्या.''

या वेळी तिनं त्याला रांगेत लावलं नाही. हिरवा दिवा लागला तेव्हा दोनला दहा कमी होते.

स्टेपनी नाही, पाणी नाही, जॅक नाही. प्रत्येक खड्ड्यावर त्याचा जीव टायरात जाई. फोन वाजत होता, पण चालत्या गाडीत तो फोन घेत नसे आणि थांबायला वेळ नव्हता. चार बावीसला त्यानं नोंदणी कार्यालयासमोर ट्रक आडवातिडवा लावला आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

मुलगी टेबलाशी उभी होती. बायको, जावई आणि त्याचे दोन मित्र एकाच बाकावर दाटीनं बसले होते. कारकून कागद आवरत होता. एक ओळ रिकामी होती.

''आई म्हणत होती,'' मुलगी म्हणाली, ''की बाबा काट्यावर आहेत.''

''मी नाही,'' काका धापा टाकत म्हणाला. ''तुझं शिलाई मशीन आहे, उद्या आणतो. मी आलोय.''

कारकुनानं त्याचे हात बघून चिंधी पुढे केली. त्यानं सही केली, तरी अंगठ्याचा एक काळा डाग कागदावर राहिलाच. कारकून तो पुसायला गेला. मुलीनं कागद ओढून घेतला.

''राहू दे.'' मग बापाकडे वळून म्हणाली, ''उद्या मीपण येते मशीन आणायला. माझे सगळे वाढदिवस तुम्ही जिथं काढलेत, तो काटा मला एकदा बघायचाय, बाबा.''