क्लच नसलेली गाडी

आमच्या ह्यांनी आयुष्यभर एसटीची लाल गाडी चालवली. कोल्हापूर ते रत्नागिरी, मलकापूरवरून आंबा घाट उतरून. पावसाळ्यात घाटात इतकं धुकं असायचं, की पुढच्या गाडीचा दिवा दिसला तरी नशीब म्हणायचं. हे मात्र घरी येऊन जेवता जेवता सांगणार, "आज जरा ढगाळ हुतं." मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. ते दिवसभर गाडीभर माणसं सांभाळायचे, मी वर्गभर पोरं. संध्याकाळी दोघांच्याही अंगात भांडायचं बळ उरायचं नाही, त्यामुळे संसार चांगला झाला.

रिटायर झाल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हलकं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हाताला लवकर जान आली, पायाला उशीर लागला, मग काठी आली. बोलणं शाबूत राहिलं. ते चांगलं झालं की वाईट, हे मी अजून ठरवते आहे.

मोटारसायकल सुटली. आणि दुसऱ्याच्या गाडीत बसायचं म्हटलं की ह्यांच्या कपाळावर आठी. एकदा दवाखान्यात जायला रिक्षा केली, तर पापाच्या तिकटीपर्यंत त्या रिक्षावाल्याला ह्यांनी गाडी चालवायला शिकवलं. शेवटी त्यानं रिक्षा कडेला घेतली आणि हात जोडून म्हणाला, "पावणं, तुमीच चालवा, मी मागं बसतो." हे रागानं उतरले आणि काठी टेकत राहिलेला रस्ता चालले. मी स्कूटीवरून नेते म्हटलं तर, "बायकूच्या मागं बसून जाऊ व्हय?" मग जाणंच बंद झालं. खिडकीत खुर्ची टाकून बसायचे आणि खालून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला नावं ठेवायचे.

आमची लेक मलकापूरला दिली आहे. तिनं आणि जावयांनी तिथं नवं घर बांधलं. त्याची वास्तुशांत ह्यांनी फोनवर बघितली. पाय दुखतोय म्हणाले. पाय दुखत नव्हता, मला माहीत होतं. ज्या रस्त्यावर ते गाडी घेऊन जायचे, त्या रस्त्यानं त्यांना कुणाच्या तरी बाजूला पार्सलासारखं बसून जायचं नव्हतं. फोनच्या त्या एवढ्याशा काचेत लेक त्यांना एकेक खोली दाखवत होती आणि हे "झकास, झकास" म्हणत होते. मला त्यांचा फार राग आला आणि त्याहून जास्त त्यांची दया आली. दया आलेली कळली असती तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, म्हणून मी उठून भांडी घासायला गेले.

विजेवरच्या छोट्या गाडीचा विषय लेकीनंच काढला. "आई, त्यात क्लचच नसतो. पप्पांचा डावा पाय कशालाच लागत नाही."

मी शाळेतली बाई, त्यामुळे आधी अभ्यास. ब्लाउजची टेप घेऊन खाली उतरले आणि आमच्या दाराशेजारची जागा मोजली. शेजाऱ्यांच्या सायकली आणि आमची पाण्याची टाकी सरकवली तर गाडी बसत होती. आमच्या बोळातून दुसरी कुठलीही चारचाकी आत आली असती तर बाहेर काढायला भिंत पाडावी लागली असती. चार्जिंगची वायर आमच्याच मीटरवरून घेता येत होती. पंचगंगेच्या पुराचं पाणी आमच्या गल्लीपर्यंत कधी आलेलं नाही. भाजी, दवाखाना, रंकाळा, एवढ्याला तर ती गाडी पुरून उरत होती. एकदा भरून मलकापूरला जाऊन परत येईल असं शोरूमवाला फोनवर म्हणाला. लेकीकडे पोचल्यावर तासभर वायर लावली तर घोर नको, हे माझं मी ठरवलं.

डॉक्टरांनी ह्यांची नजर, उजवा हात, उजवा पाय तपासला. म्हणाले, "शोरूमची गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा. बरोबर कुणीतरी असू दे. आणि काय वाटलं ते मला खरं खरं सांगा."

बरोबर कोण, हा प्रश्नच नव्हता. ह्यांच्या गाडीवर वर्षानुवर्षं जे कंडक्टर होते, ते पलीकडच्या पेठेत राहतात. त्यांना हे मास्तर म्हणतात, सगळा डेपोच म्हणायचा. मास्तर सकाळीच धुतलेला शर्ट घालून हजर.

शोरूमच्या दारात ती गाडी बघितली आणि दोघंही तिच्याभोवती एक फेरी मारून आले. गुळाच्या ढेपेला चाकं लावल्यासारखी ती दिसत होती. दोनच दारं. मागं बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरायचं.

"ही गाडी हाय का खेळणं?" हे म्हणाले.

"स्टेपनी मोठी आसायची आपली," मास्तर म्हणाले.

शोरूमचा माणूस शांत स्वभावाचा होता, दिवसभर अशी माणसं बघत असणार. त्यानं मला आणि मास्तरांना मागं बसवलं आणि स्वतः ह्यांच्या शेजारी बसला. मास्तरांना आत शिरताना फार कष्ट पडले. डाव्या खिडकीशी ते कसेबसे टेकले आणि म्हणाले, "वहिनी, हितं तिकीट फाडायला हात वर न्हाय हुयाचा."

हे सीटवर बसले. काठी मला मागं दिली. स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि नुसतेच बसून राहिले. मला त्यांच्या मानेचा मागचा भाग तेवढा दिसत होता. घाम आला होता त्यांना.

मास्तरांनी कोपर दुमडून गाडीच्या छताला दोनदा टकटक केली. डबल बेल.

गाडी निघाली. आवाजच नाही, त्यामुळे निघालेली मला कळलीसुद्धा नाही. शोरूमवाला म्हणाला, "काका, डावा पाय मोकळा सोडा, तिथं काही नाही." हे म्हणाले, "मला म्हाईत हाय. पायाला म्हाईत न्हाय."

आम्ही गडमुडशिंगीच्या रस्त्याला लागलो. मी जन्मात इतकी हसले नव्हते. हे त्या इवल्याशा गाडीला प्रत्येक वळणावर असं लांबून फिरवत होते की जणू मागं अजून तीस फूट गाडी यायची आहे. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी दुधाची किटली घेऊन उभी होती. तिनं येणाऱ्या बसला म्हणून हात केला आणि ह्यांनी आपली गाडी तिच्यासमोर नेऊन उभी केली! मास्तर मागून ओरडले, "जागा न्हाय मावशी, मागनं गाडी हाय!" म्हातारी वाकून आत बघत राहिली.

उसाचे ट्रॅक्टर समोरून येत होते. मास्तर एकसारखे बोलत होते. "सायकल हाय डावीकडं. जाऊ दे तिला. हां, घे आता. खड्डा. म्हस हाय, दम धर." ते नुसतं बोलत नव्हते, छताला टकटकही करत होते. एकदा केली की हे थांबायचे, दोनदा केली की निघायचे. शोरूममध्ये परत आलो तेव्हा गाडीला साधा ओरखडा नव्हता. शोरूमवाला म्हणाला, "काका, नाद नाही करायचा तुमचा." हे हसले. वारं गेल्यापासून असे हसले नव्हते. मास्तरांनी खाली उतरून त्यांच्या पाठीत थाप मारली. मी मनातल्या मनात लेकीच्या घरी पोचलेसुद्धा.

संध्याकाळी चहा घेताना मी विचारलं, "मग रंग कुठला घ्यायचा?"

"गाडी घ्यायची," ते म्हणाले. "चांगली हाय. आपल्याला बरोबर हाय. पर मी न्हाय चालवणार."

मला वाटलं, चेष्टा चालली आहे. कप खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"डावीकडच्या आरशात मी एकदा बी बघितलं न्हाय. बघतोय आसं वाटत हुतं मला. मास्तर बोलत हुता म्हणून सगळं कळत हुतं. ती सायकल त्यानं सांगितल्यावर दिसली. म्हस बी तशीच."

"सवय होईल हळूहळू."

"सवयीचं न्हाय ते. डावीकडचं मला नसल्यागत वाटतंय. मास्तर काय रोज मागं बसणार हाय? कुणाच्या पोराच्या अंगावर घालू गाडी?"

आमची चूक माझ्या तेव्हा लक्षात आली. गाडी वळवताना डावी बाजू कंडक्टरनं सांभाळायची, ही त्या दोघांची आयुष्यभराची रीत. तीच रीत घेऊन आम्ही गाडीत बसलो होतो आणि डॉक्टरांना जे बघायचं होतं तेच नेमकं झाकून आलो होतो. मास्तरांनाही कळलं नव्हतं, मलाही नाही. ह्यांना मात्र तिथंच, हसताना, कळलेलं होतं.

मी रडायला लागले. खोटं कशाला सांगू, चांगली हुंदके देऊन रडले.

"रडायला काय झालं?" ते म्हणाले. "गाडी चांगली हाय म्हटलं की."

"मग चालवणार कोण ती?"

त्यांनी खोलीत सगळीकडे बघितलं. "हितं दुसरं कोण हाय?"

तर अशा रीतीनं साठीच्या उंबरठ्यावर मी शिकाऊ लायसन्स काढलं. डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, "शेजारी बसून डावीकडे मान वळवून बघायचं काम यांना द्या. व्यायामच आहे तो." गाडी आली. शहराबाहेरच्या मोकळ्या प्लॉटवर आमचे धडे सुरू झाले. शाळेत जन्मभर मी ओरडत आले. आता माझ्यावर ओरडणारा भेटला होता. "ब्रेक हाय का शिलाई मशीन?" असं ते म्हणाले त्या दिवशी मी गाडी उभी केली, उतरले आणि तोंड फिरवून चालू लागले. मागून हॉर्न सुरू झाला. उजवा हात लांब करून ते हॉर्न दाबत होते आणि मी परत येईपर्यंत सोडेनात. सगळी कुत्री जमा झाली. परत येऊन मी स्टेअरिंगवर बसले तर म्हणतात, "चुकलं माझं. चल, घे." लग्न झाल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. विजेच्या गाडीचे फायदे सांगणाऱ्या लोकांनी हाही त्यात घालायला हरकत नाही.

हळूहळू ते डावीकडे मान वळवू लागले. आधी कष्टानं, अख्खं अंग फिरवून. मग जरा सहज. "सायकल हाय. जाऊ दे. घे आता," असं म्हणून डॅशबोर्डवर टकटक करायचे. आपण कंडक्टर झालो आहोत हे त्यांना कळत होतं आणि त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. मास्तरांनी मात्र चहाला आल्यावर चिडवलं, "बढती झाली म्हणायची तुमची!"

पक्कं लायसन्स आलं. रंकाळा झाला, दवाखाना झाला, मंडई झाली. मग एके दिवशी सकाळी तेच म्हणाले, "मलकापूरला जाऊया का?"

मी रात्रभर वायर लावून गाडी भरून ठेवली होती, तरी निघताना चार्जिंग दोनदा तपासलं. तो रस्ता त्यांचा. त्यातलं प्रत्येक वळण त्यांच्या हाताला पाठ, आणि मी पहिल्यांदाच शहर सोडून निघाले होते. पंचगंगेचा पूल ओलांडेपर्यंत त्यांनी मला सतरा सूचना केल्या. पुढं वळण आहे. इथं माणसं आडवी येतात. ट्रकच्या मागं चिकटू नको. मी हूं हूं करत होते. पन्हाळ्याचा फाटा गेला आणि सूचना बंद झाल्या. माझं काहीतरी चुकलं म्हणून रुसले असतील, असं मला वाटलं. बघायची सोय नव्हती, नजर रस्त्यावर होती. बांबवड्याजवळ एक शेळी आडवी आली आणि मी ब्रेक जोरात मारला. आता बोलतील म्हणून वाट बघितली. काही नाही.

तेव्हा एक डोळा त्यांच्याकडे वळवला. काठी गुडघ्यांमध्ये धरून, मान दाराकडे टाकून, तोंड उघडं ठेवून हे झोपले होते.

ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत झोपत नाही. लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर रात्रीच्या गाडीनं जातानासुद्धा हे पुढं बसून रस्त्याकडे डोळे लावायचे. दवाखान्यातून घरी आणताना अर्धं अंग चालत नव्हतं, तरी रुग्णवाहिकेत ह्यांचे डोळे टक्क उघडे. आणि आता आपल्या स्वतःच्या रस्त्यावर, माझ्या हातात गाडी देऊन गाढ झोपले होते. मी गाडी अजून हळू केली. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून पुढं गेले. जाऊ देत.

लेकीच्या दारात गाडी उभी केली. साधी गाडी असती तर इंजिन बंद झाल्यावर त्यांना जाग आली असती. ही थांबली तरी आवाजात काही फरक पडला नाही, त्यामुळे पोचलेलं त्यांना कळलं नाही. लेक आतून पळत आली, "पप्पा!" म्हणायला तोंड उघडलं, आणि मी ओठांवर बोट ठेवलं. तिनं काचेतून आत बघितलं. बघतच राहिली. मग पदरानं डोळे पुसले.

माझ्या बाजूची काच खाली केली तर दबक्या आवाजात म्हणाली, "आई, उठवू का त्यांना? चहा झालाय."

"नको," मी म्हटलं. "झोपू दे की. मी बसते इथंच."