पाठीत बसलेला चेंडू

नातवंडांनो, काल कुंपणाच्या गडग्यासाठी टेंपोतून जांभ्या दगडाचे चिरे उतरवले, त्यांच्या तांबड्या धुळीचा कोरडा वास आला आणि मला आमची लगोरी आठवली. मी तेव्हा सहा वर्षांची, आळीत सगळ्यांत लहान, म्हणून कच्चा लिंबू. खेळायचं सगळ्यांबरोबर, पण मला कोणी बाद करायचं नाही आणि मी काही केलं तर ते धरायचं नाही. लगोरीसाठी चिऱ्याच्या सात कपच्या होत्या, त्या रचताना तळवे तांबडे व्हायचे. एका संध्याकाळी आमच्या बाजूचे सगळे बाद झाले आणि सातवी कपची मी ठेवली. समोरच्या गटातली शेजारची ताई हसली, "कच्च्या लिंबाची लगोरी धरत नाहीत गो." मी म्हटलं, "मग मला पण मार." "लागेल. घरी जाऊन सांगशील." "नाही सांगणार." पुढच्या डावात तिचा रबरी चेंडू माझ्या पाठीत असा बसला की श्वासच अडकला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. ताई हळूच म्हणाली, "बाद." मी डोळे न पुसताच बाद झालेले बसायचे त्या पायरीकडे गेले, आणि त्यांनी सरकून मला जागा दिली. तुमच्या शाळेच्या जिममध्ये तो चेंडू मारून बाद करायचा डॉजबॉल खेळताना तुमच्यातली धाकटी सगळ्यांत आधी बाद झाली आणि रडली, असं परवा फोनवर सांगितलंत. तिला बाकावर कोणी सरकून जागा दिली का, तेवढं मला कळवा.