टॉवेलाखालचा हात

समजा, हॉस्पिटलच्या काउंटरमागे तुम्ही बसला आहात. पडद्याआड खाटेवर एक बाई छाती धरून पडली आहे आणि तिचा नवरा तुम्हाला विचारतोय, दर काय? नियम सांगतो, विचारणाऱ्याला दर सांगायचा. तुम्ही काय कराल? सांगाल ना?

दीपमालानं सांगितला. मलकापुरात हायवेलगतच्या वीस खाटांच्या हॉस्पिटलात ती चार वर्षं काउंटर सांभाळते. तिच्या वडलांना एकदा दुसरीकडे दाखल केलं होतं, तेव्हा घरी सोडायच्या दिवसापर्यंत कुणी खर्चाचा आकडा सांगितला नव्हता. पुढं हॉस्पिटलांनी दरपत्रक लावायचा सरकारी नियम आला आणि इथं ते पाण्याच्या कूलरमागे टांगलं गेलं, म्हणून तिनं ते ओढून काढलं. मोठ्या अक्षरांत नवं छापून घेतलं आणि दारासमोर लावलं.

“पेशंट घाबरवायचेत का?” संयोगिता डॉक्टरांनी विचारलं.

“घाबरू देत मॅडम, फसू नयेत.”

त्या मंगळवारी साडेअकराला कोयनानगरहून आटपाडीला जाणारी एसटी दारात थांबली. कंडक्टर अर्जुना एका म्हातारीला धरून आत आला. राहीबाई. लेकीकडून गावी परत निघाल्या होत्या, वाटेतच घामानं भिजल्या. मागून त्यांचे मालक आकाराम, हातात दोन पिशव्या. अर्जुना त्यांना सोपवून गाडीकडे पळाला. डॉक्टर म्हणाल्या, “ईसीजी लावा. पैशाचं नंतर.”

आकाराम काउंटरशी आले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी उजव्या हातावर टाकला आणि तो झाकलेला हात खिडकीतून आत सरकवला.

“काका, हाताला लागलंय का?”

त्यांनी ‘नाही’ अशी मान हलवली. पडद्याकडे एकदा बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, “दर?”

दीपमालाला बरं वाटलं. एवढ्या दिवसांत स्वतःहून दर विचारणारा हा पहिलाच. तिनं बोर्डाकडे बोट दाखवत खणखणीत वाचलं, “आयसीयू, एका दिवसाला सात हजार. डॉक्टरांची फी...”

“किती?” पडद्याआडून आवाज आला. “रोज एक शेरडू खाती व्हय गं तुमची खाट?”

शेळीचा हिशेब ऐकून बाकावरचे लोक हसले. दीपमालाही हसली. तेवढ्यात पडदा सरकला. राहीबाई वायरी काढून उठून बसल्या होत्या.

“आवं, पिशवी घ्या. पित्त हाय. आलं चघळलं की जातंय.”

डॉक्टर धावत आल्या. “आजी, झोपा. ईसीजीची पट्टी बरोबर दिसत नाही. पैसे मागितलेत का कुणी?”

“मागितलं न्हाई, पर भिंतीवर लिवलंय की!”

“अगं, ऐक की जरा,” आकाराम म्हणाले.

“तुमी गप बसा. शेरडं माझी हायती.”

डॉक्टरांनी हात जोडले. उपयोग झाला नाही. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, अशा कागदावर आकारामांनी सही केली आणि दोघं विट्याकडे जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसले. निघताना आकारामांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि दीपमालाकडे बघितलं. राग नव्हता. बाजार न कळणाऱ्या नवख्या माणसाकडे बघावं, तसं बघितलं.

कागदावरचा नंबर लेकीचा होता. दीपमालानं दर तासाला लावला. रिंग जात राहिली.

गुरुवारी एसटी दिसताच ती काउंटर सोडून पळाली. अर्जुनाला सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

“आवं ताई, आटपाडीच्या शेरडांच्या बाजारातला जुना दलाल हाय त्यो! तिथं टॉवेलाखाली बोटं धरून दर सांगत्यात, शेजारच्याला पत्ता लागत न्हाई. म्हातारीच्या कानावर जाऊ नये म्हणून हात दिला हुता त्यानं. आधी पाच, मग दोन बोटं दाबायची हुती, झालं काम.”

ती परत येऊन बोर्डासमोर उभी राहिली. “पैशासाठी तातडीचे उपचार थांबणार नाहीत” ही ओळ अगदी तळाशी होती, बारीक अक्षरांत. वर जागा पुरत नव्हती म्हणून तिनंच ती खाली ढकलली होती. जाड मार्करनं तिनं ती सगळ्यात वर लिहिली. आता कुणी दर विचारला की ती उठून बाहेर येते, त्याला बाजूला नेते, हळू बोलते. एका म्हातारबांना तर तिनं पाच बोटं दाखवली. ते म्हणाले, “ताई, तोंडानं सांगा की, मी काय बहिरा हाय का?”

शनिवार गेला. शेरडांचा बाजार शनिवारी असतो. सोमवारी अर्जुना एसटीच्या दारातूनच ओरडला, “दिसला की त्यो! बाजारात हुता.”

“बायको बरी आहे?”

“गर्दी लय, बोलाय मिळालं न्हाई. पर ह्या खेपेला दलाली न्हाई केली. स्वतःची चार शेरडं इकली.”

“केवढ्याला?”

“टॉवेलाखालचं कुणाला कळतंय?” अर्जुनानं घंटी ओढली आणि गाडी हलली.

दीपमाला रस्त्याकडेलाच उभी राहिली. शेरडं राहीबाईंची. त्यांच्या उपचारासाठी विकली, की आता शेरडांना चारायला नेणारं घरात कुणी राहिलं नाही म्हणून?